घोस्ट श्रिंप अख्खी बाहेर काढणारा पंप, सोलापुरात हापशाच्या दुकानात बनवून घेतलेला: दोन सीझन वापरून रिव्ह्यू

सोलापुरात बसून समुद्राच्या चिखलातला पंप कशाला, हे मला आतापर्यंत इतक्या जणांनी विचारलंय की आधी तेच सांगते. मी इथं झूऑलॉजी शिकवते आणि दर हिवाळ्यात पोरांना घेऊन आमची टूर रत्नागिरीला जाते, भाट्याच्या खाडीवर. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा, साडेतीनशेच्या वर किलोमीटर होतात, रात्रभर एसटी, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आमच्या पोरांनी चिखल बघितलेला असतो तो हिप्परग्याच्या तलावाचा नाहीतर उजनीच्या बॅकवॉटरचा. खाऱ्या चिखलात काय काय राहतं हे त्यांनी फक्त पुस्तकातल्या आकृतीत बघितलंय, त्यामुळं तिथली एकेक सकाळ मला फार मोलाची वाटते आणि ती वाया गेली की मी खरंच रडकुंडीला येते.

आणि घोस्ट श्रिंपच्या बाबतीत ती सलग तीन वर्षं वाया गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही माशांच्या टाकीतली पारदर्शक कोळंबी नव्हे, तिलाही दुकानदार घोस्ट श्रिंपच म्हणतात त्यामुळं नेटवर सगळा घोळ होतो. मी म्हणतेय ती खाडीच्या तोंडाशी वाळूमिश्रित चिखलात बीळ करून राहणारी, कॅलिअनॅसिडी आणि तिच्या जवळच्या कुळांतली, फिकट गुलाबी-पांढरी, मऊ अंगाची, बोटाएवढी. नाव श्रिंप असलं तरी खरी कोळंबी नाहीच ती. अख्खं आयुष्य बिळात काढते, माती गिळून त्यातलं खाण्याजोगं घेते आणि उरलेली वर फेकते, आपल्या शेतात गांडूळ जे काम करतं तेच ही खाडीत करते. काही जातींची बिळं मीटरभराच्या खाली जातात. म्हणजे वरून दिसणार फक्त भोक, जनावर नाहीच.

आधी आम्ही काय करायचो तर फावडं. भोक दिसलं की घाव घालायचा, चिखलाचा गोळा बाहेर, हातानं फोडायचा. एकतर बीळ तिरकं फाटे फुटत गेलेलं असतं त्यामुळं जनावर भलतीकडंच पळतं, आणि सापडलंच तर अर्धं. तिसऱ्या वर्षी सहा मिळाली, एकाचाही मोठा पंजा, म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा पुढचा चिमटा, जागेवर नव्हता. आता पंजा नाही म्हणजे काय झालं ते समजून घ्या, कारण पंपाचा सगळा मुद्दा तिथंच आहे. ही जात ओळखायची तर बहुतेक खुणा पंजावर, पायांवर, जबड्याजवळच्या तिसऱ्या पायजोडीवर आणि शेपटीवर असतात. एक पंजा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, नरात तर फारच, आणि त्या मोठ्या पंजाचे सांधे, दात, कडा बघूनच पुढं सरकता येतं. तोच तुटला की हातात राहतो एक मऊ पांढरा तुकडा, वहीत लिहायचं "घोस्ट श्रिंप, बहुतेक" आणि संपलं. पोरं विचारतात मॅडम नाव काय ह्याचं, आणि माझ्याकडं उत्तर नसतं.

मग ऑनलाईन एक सक्शन पंप मागवला, कंपनीचं नाव लिहीत नाही. ऑस्ट्रेलियात ह्याला याबी पंप म्हणतात, तिथं ट्रायपिया ऑस्ट्रेलिएन्सिस नावाची घोस्ट श्रिंप गळाला आमिष म्हणून लावतात, ती काढायला हा पंप निघाला आणि आता संशोधकही तोच वापरतात. आयडिया एकदम बरोबर. पण मला आलेला पीस असा होता की दट्ट्याला रबराची एक रिंग, आणि बारीक वाळू आत गेली की ती रिंग अडकायची. चौथ्या-पाचव्या बिळाला दांडा ओढता ओढता वरचं हँडलच हातात आलं. ओहोटी चालू, पाणी मागं गेलेलं, वीस पोरं गुडघाभर चिखलात उभी, आणि मी हँडल धरून. परत पाठवायला गेले तर रिटर्नची मुदत संपलेली.

तो मोडका पंप घेऊन मी अक्कलकोट रोडच्या अंगाला असलेल्या एका दुकानात गेले. दुकानाला नाव असं नाहीच, बोर्डावर बोअर-हापसा रिपेअर एवढंच आहे. मामा साठीच्या पुढचे, उभी हयात हापसे दुरुस्त करण्यात गेलेली, अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या खेड्यापाड्यांत त्यांनी किती हापसे उघडले असतील त्याचा हिशोब नाही. त्यांनी पंप उलटा-सुलटा केला, दट्ट्या बाहेर काढला, रबराची रिंग बोटानं दाबून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात वायसर कुठाय? ह्ये रबर वाळूत टिकत नसतंय." वायसर म्हणजे वॉशर.

मी सांगितलं की पाणी नाही काढायचं मामा, चिखलातून जनावर काढायचंय, ते पण जिवंत आणि न मोडता. त्यांनी दोन मिनिटं विचार केला. "मग तर हापशाचंच काम हाय की. फकस्त आपुन वर ओढून थांबतो, तुमास्नी परत खाली ढकलायचं हाय."

आता पंपाचं सविस्तर, कारण कुणाला बनवून घ्यायचा असेल तर हेच कामाला येईल.

नळी ६३ एमएमची शेतीतली पीव्हीसी, जाड भिंतीची, अडीच फूट लांब. पातळ घेऊ नका, चिखलात दाबताना वाकते आणि वाकली की दट्ट्याच्या बाजूनं हवा शिरते. खालची कड मामांनी कानशीनं आतून-बाहेरून घासून धारेसारखी केली, म्हणजे चिखलात सरळ उतरते आणि आत येणाऱ्या जनावराला कड लागत नाही. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांना आपणहून सुचलं. दांडा स्टेनलेसचा, वर आडवं हँडल दोन्ही हातांनी धरता येईल एवढं रुंद. वरच्या टोपणाला एक भोक मुद्दाम ठेवलंय, दट्ट्या वर येताना त्याच्या डोक्यावरची हवा जायला जागा पाहिजे, ते भोक बुजलं तर पंप जड होतो, आम्ही पहिल्याच दिवशी ते चिखलानं बुजवून ठेवलं होतं आणि पंप बिघडला म्हणून घाबरलो होतो.

आणि खरी करामत वायसरची. हापशात चामड्याचा बकेट वायसर असतो, वाटीसारखा. पाणी लागलं की चामडं फुगतं आणि दाब आला की वाटीची कड नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते. हापशात वाटीचं तोंड वर, कारण पाणी वरच उचलायचंय. मामांनी इथं दोन वायसर पाठीला पाठ लावून बसवले, एकाचं तोंड वर, एकाचं खाली. ओढताना वरचा धरतो, ढकलताना खालचा. चामडं भिजवून, कापून, नळीच्या मापाला दाबून बसवलं, मधे पितळी चकत्या आणि नट. वाळूचा कण अडकला तरी चामडं दबतं आणि पुढं सरकतं, रबरासारखं आखडून बसत नाही. चार दिवस लागले, साडेबाराशे रुपये घेतले, त्यात एक जादा वायसरची जोडी दिली. मला विचाराल तर दुप्पट दिले असते.

पहिल्यांदा वापरला तो दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा. उधाणाच्या दिवसांत तिकडं ओहोटी पहाटे-सकाळी लागते, उजाडता उजाडता खाडीच्या तोंडाशी मोठा पट्टा उघडा पडतो. तासा-दीडतासाचाच खेळ असतो, मग पाणी परत फिरतं. भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, जाऊ नका, पाणी पुरेसं मागं जातच नाही आणि तुमची एसटीची रात्र फुकट.

बीळ कसं निवडायचं ते सांगते. ज्या भोकाभोवती ताज्या मातीचा छोटा ढीग आहे, ज्वालामुखीच्या तोंडासारखा, आणि जवळच एक खळगा आहे, ते आधी धरायचं. थोडा वेळ हललं नाहीत तर ढिगातून अधूनमधून गढूळ पाण्याची पिचकारी येताना दिसते. ढीग नाही, नुसती दोन स्वच्छ गोल भोकं आणि आतली भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत, तर तिथं बहुतेक मड श्रिंप म्हणजे उपोजेबिया असते, ती माती खात नाही, पाणी गाळून खाते म्हणून तिला माती बाहेर फेकायची तेवढी गरज पडत नाही. हा नियम डोळे झाकून लावू नका, पण दहापैकी बऱ्याच वेळा बरोबर येतो.

नळी भोकावर उभी ठेवायची, हँडल वर ओढत ओढतच नळी खाली दाबायची, दोन्ही एकदम. नुसती दाबली तर जनावर अजून खाली जातं. मग बाहेर काढून चाळणीत रिकामी करायची. त्याच भोकात तीन-चार वेळा, कारण पहिल्या ओढीला नुसता चिखलच येतो, जनावर दुसऱ्या-तिसऱ्याला. आमची चाळण साधी आहे, खडी-वाळूवाल्याकडची बारीक जाळी लाकडी चौकटीत ठोकलेली. ढकलताना हळू! जोरात ढकललं तर जनावर जाळीवर आपटतं आणि पंजा तिथंच सुटतो, ही चूक पोरांकडून दोनदा झाली.

त्या सकाळी पंधरा बिळं, नऊ जनावरं, नवांतली सात अख्खी. सात! तीन वर्षांत मिळाली नव्हती ती एका ओहोटीत मिळाली.

पहिलं अख्खं जनावर पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत खाडीच्याच पाण्यात ठेवलं तेव्हा सगळी पोरं थाळीभोवती वाकली. अंग इतकं पातळ की पोटातून आरपार दिसतं, मादी होती, पाठीच्या खाली नारिंगी अंडाशय दोन पट्ट्यांसारखं लांबवर गेलेलं. मोठा पंजा चिनीमातीच्या कपासारखा पांढरा, चपटा, आणि दुसरा त्याच्या मानानं किरकोळ. डोळ्यांचे देठ चपटे, एकमेकांना खेटून, वर काळा ठिपका. पाठीच्या कवचावर दोन बाजूंना उभी रेघ, तिला लिनिया थॅलॅसिनिका म्हणतात, बाजारातल्या कोळंबीला ती नसते. पोटाखाली मागचे तीन जोड पाय पानासारखे रुंद, थाळीत पण ते सारखे हलत होते, बिळात पाणी खेळवायचं काम तेच करतात.

आता मुख्य खूण, ही लिहून घ्या. पायांची दुसरी जोडी बघायची. घोस्ट श्रिंपमध्ये दुसऱ्या जोडीलाही छोटा पण पुरता चिमटा असतो. मड श्रिंपमध्ये तो पुरता नसतो, अर्धवट असतो नाहीतर साधं टोकच. जुन्या पुस्तकांत हे सगळे थॅलॅसिनिडिया नावाच्या एकाच गटात घातलेले दिसतील, आता ते दोन वेगळे धरतात, घोस्ट श्रिंपवाला ॲक्सिइडिया आणि मड श्रिंपवाला गेबिइडिया, आणि हा दुसऱ्या पायाचा फरक त्या दोघांतला. दहा पटीच्या भिंगातून आरामात दिसतो. पण पाय शाबूत पाहिजे ना! फावड्यानं काढलेल्यांत दुसरी जोडी कधी धड मिळालीच नाही. मोठ्या पंजावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, कारण मादीत आणि पिल्लात फरक कमी दिसतो, आणि पंजा गमावून नवा उगवत असेल तर दोन्ही सारखेच वाटतात.

नवातली दोन उपोजेबिया निघाली. पुढचं टोक केसाळ, पंजे दोन्ही जवळपास सारखे, अंग जरा घट्ट आणि रंग मळकट. आणि नंतरच्या एका खेपेला नळीतून टक् असा आवाज आला, पोरं दचकली, ती पिस्तूल कोळंबी होती, अल्फियस. तिलाही एक पंजा मोठा, म्हणून घाईत गल्लत होते, पण तिचे डोळे कवचाच्या टोपीखाली झाकलेले असतात आणि दुसऱ्या पायाचा मनगटाचा भाग बारीक बारीक तुकड्यांत विभागलेला असतो. एकदा बघितलं की परत चुकत नाही.

एका घोस्ट श्रिंपच्या कवचाला एका बाजूला फुगवटा होता, गालात सुपारी धरल्यासारखा. एक पोरगी म्हणाली मॅडम हिला गाठ झालीय. ती गाठ नव्हती, कल्ल्याच्या पोकळीत बसणारा बोपायरिड नावाचा परजीवी होता, तोही कवचधारीच. फावडं वापरलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं. त्या पोरीनं नंतर आपला प्रोजेक्ट ह्याच विषयावर घेतला, मला त्याचा फार आनंद झाला.

जातीच्या नावापर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही, ते मी स्पष्ट सांगते. 1971 साली के. एन. सांकोळी ह्यांनी महाराष्ट्रातल्या ह्या गटावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलंय, सुरुवात तिथूनच करायची. पण 2019 साली कॅलिअनॅसिडी आणि आसपासच्या कुळांची सगळी मांडणी बदलली, रेणूंच्या अभ्यासावरून, त्यामुळं जुनं नाव आजच्या यादीत कुठं गेलंय हे एकेक तपासावं लागतं. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ते काम चालूय.

पंपात त्रुटी आहेत, लपवत नाही. जड आहे, चिखल भरला की बारक्या पोरीला एकटीला उचलत नाही, दोघी लागतात. चामडं वाळलं की आखडतं, म्हणून वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायचं आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन खोबरेल तेल लावून ठेवायचं. मी एकदा विसरले, वायसरला चीर गेली, ती जादाची जोडी तेव्हा कामाला आली. हँडलच्या बोल्टला मामांनी साधा लोखंडी नट लावला होता, खाऱ्या पाण्यानं एका टूरमध्येच गंज धरला, तो स्टेनलेसचा मागून घ्या. शिंपले जास्त असलेल्या जागी नळीची कड खडबडीत होते, दर वेळी कानस मारावी लागते. कोरड्या वाळूत पंप अजिबात चालत नाही, पाणी चिखलाच्या वर नाहीतर लगेच खाली असलंच पाहिजे. आणि अडीच फुटाच्या खाली गेलेलं जनावर ह्यानं येत नाही, ते सोडून द्यायचं.

कांदळवनात हा पंप घेऊन जाऊ नका. मुळांमुळं नळी उतरत नाही हे एक, आणि ते संरक्षित जंगल आहे, परवानगीशिवाय काही काढायचं नसतं हे त्याहून मोठं. तिथं चिखलाचे मोठाले ढिगारे दिसले तर ते मड लॉबस्टरचे, थॅलॅसिनाचे असू शकतात, लांबून फोटो काढा. उघड्या खाडीवर सुद्धा आम्ही आधी स्थानिक लोकांना विचारतो, दोन-तीनच नमुने ठेवतो, बाकीची मोजून, फोटो काढून परत सोडतो. परत सोडताना नुसती चिखलावर टाकून येऊ नका, बगळे टपलेले असतात, बोटानं भोक करून त्यात सोडा. सगळी एका डब्यात ठेवू नका, एकमेकींचे पंजे तोडतात, प्रत्येकीला वेगळी प्लॅस्टिकची नळी दिली की अंगाला भिंत लागते आणि गप्प बसतात. ठेवायचीच असेल तर आधी बर्फाच्या पाण्यात थंड करून मग ७० टक्के अल्कोहोल. जिवंत तशीच अल्कोहोलात टाकली तर तडफडते, आणि ते बघवत नाही, आणि पंजाही सुटतो.

टूरवरून आल्यावर मी एक बाटली आणि भिंग घेऊन मामांकडं गेले. त्यांनी हात पुसले, बाटली उजेडात धरली, बराच वेळ भिंगातून बघत बसले. दुसऱ्या पायाचा चिमटा मी दाखवायच्या आधी त्यांना दिसला. म्हणाले, "येवढ्या बारक्या पायाला बी धक्का न्हाई लागला की." मग वायसर कसा झिजलाय ते विचारलं, पंप उघडायला लावला, खालच्या वायसरची कड बोटानं चाचपून बघितली आणि म्हणाले पुढच्याला ह्या बाजूला चामडं जरा जाड घेऊ.

दुसरा पंप ह्या महिन्यात तयार होतोय, दोन फुटाचा, ५० एमएमचा, पोरींना एकटीला उचलता येईल असा. कुणाला पाहिजे असेल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर मामा गावाकडं हापशाच्या कामाला निघून जातात. चिखलातल्या जनावराचा पंप म्हणून सांगा, मापं त्यांनी दुकानातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलीयत.